एस-टू तारा, मूळ नक्षत्र आणि आमचा धाकटा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आपल्या आकाशगंगेच्या मधल्या ब्लॅक होलवर लेख आलाय, सोबत २०२२ सालचा तो नारिंगी मेदूवड्यासारखा फोटोही. छान वाटलं. पण लेखात लिहिलंय की तो जवळ येईल ते गिळत सुटलेला राक्षस आहे आणि फोटो निघाला तेव्हा कुठे त्याचा पत्ता लागला. दोन्ही चूक, म्हणून हे पत्र.

पत्ता लागला तो त्याच्या आसपासच्या ताऱ्यांमुळे. खगोलशास्त्रज्ञ राइनहार्ड गेन्झेल यांची टीम १९९२ पासून चिलीतून आणि आंद्रिया गेझ यांची १९९५ पासून हवाई बेटांवरच्या केक नावाच्या दुर्बिणीतून, तेच ते ठिपके वर्षानुवर्षं बघत बसले. मधे धूळ एवढी की साधा उजेड इथवर पोचतच नाही, म्हणून इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात बघायचं, त्यात आपली हवा हलते आणि ठिपका थरथरतो, मग लेसर मारून ९० किमी वर एक खोटा तारा तयार करायचा आणि तो जसा थरथरेल तसा दुर्बिणीतला आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवायचा! मी हे दोनदा वाचलं, पटेचना.

त्या ठिपक्यांतला एक एस-टू. मधल्या त्या न दिसणाऱ्या वस्तूभोवती त्याची फेरी १६ वर्षांची. २००२ ला अगदी जवळून गेला, परत मे २०१८ मध्ये. जवळून म्हणजे सूर्य ते नेपच्यून अंतराच्या चौपट, आणि स्पीड सेकंदाला साडेसात हजार किमीच्या वर. गिळला-बिळला काही नाही, वळसा मारून गेला आपल्या वाटेने. या वळशावरूनच हिशोब निघाला की मधे ४० लाख सूर्यांएवढं वजन बसलंय. २०२० चं नोबेल गेन्झेल आणि गेझ या दोघांना मिळालं (अर्धं ब्लॅक होलचं गणित मांडणाऱ्या रॉजर पेनरोज यांना), म्हणजे तुमच्या मेदूवड्याच्या दीड-दोन वर्षं आधीच.

आमचा धाकटा २००२ चा. मूळ नक्षत्रावर झाला म्हणून आईने शांत करायला लावली, मी तेव्हा बरीच कुरकुर केली होती. नंतर कळलं की आकाशगंगेचं केंद्र त्याच बाजूला आहे, आकाशातल्या विंचवाच्या (वृश्चिक) नांगीपाशी. मे महिन्यात आम्ही गच्चीवर झोपतो, रात्री एक-दोनला दक्षिणेकडे तो विंचू बरोबर दिसतो, एस-टू अर्थात डोळ्यांना दिसत नाही. पण त्याने एक चक्कर पूर्ण केली तोवर पोरगं दहावी झालं आणि तिकडे तीच माणसं त्याच ताऱ्यावर नजर लावून बसलेली, याचं मला फोटोपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

२०३४ ला तो पुन्हा जवळ येईल. तेव्हा बातमी द्याल तर राक्षस तेवढा काढा.

आपला नेहमीचा वाचक,
सासवड