फलाट बदलला तर

भांडुप, रविवार रात्र

चि. मनू,

मोठा दिवा लावला तर तू उठशील, म्हणून ओट्यावरच्या छोट्या दिव्याखाली बसून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर आईला विचार. तीस वर्षं ती माझी कंडक्टरकीची वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचे कागद, बघत आलीय, तिला लागतं.

काल संध्याकाळी तू डोळे मिटून घेतलेस. इतरांच्या घरात भांडण झालं की आवाज चढतो, दारं आपटतात. आपल्याकडे तू डोळे मिटलेस की विषय संपला. मी समोर हात हलवत उभा, ट्यूबलाइट दोनदा चालू-बंद केली, तरी तू भिंतीला टेकून डोळे घट्ट मिटलेले. आई म्हणाली, “राहू द्या, ती आता घरी नाहीये.” म्हणून पत्र. वाचायला तरी डोळे उघडावे लागतील.

वाक्यं छोटी लिहा, असं तू नेहमी सांगतेस. प्रयत्न करतो.

मी फोन केला. मला करायचा नव्हता. म्हणजे करायचा होता, पण तुला कळू द्यायचं नव्हतं. तुझ्या ऑफर लेटरवर त्या एचआरच्या बाईंचा नंबर होता. मी म्हटलं, मुलगी हुशार आहे, कामाला वाघ आहे, फक्त ऐकू येत नाही, जरा नाजूक आहे, तेव्हा पहिले काही दिवस कुणी बरोबर देता आलं तर बघा. नाजूक हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला देव जाणे. तुझी बॅग ओढणाऱ्याच्या मागे भांडुप स्टेशनच्या जिन्यावरून चप्पल हातात घेऊन धावलीस ती तूच ना? सुलूआत्याला अजून तो किस्सा पुरतो.

त्या बाई चांगलं बोलल्या. पण त्यांनी तुला मेल केला, “तुमच्या वडिलांचा फोन आला होता.” पुढे काय झालं ते तुला माहीत आहे.

मग तू मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास. तुझा त्यांना गेलेला मेल, आठ दिवसांपूर्वीचा. तेव्हा रागात मी नीट बघितलाच नाही. रात्री ओंकारला बसवून वाचून घेतला. चार मागण्या होत्या. मीटिंगमधलं बोलणं पडद्यावर अक्षरांत दिसावं. काम तोंडी न सांगता लिहून द्यावं. फोन घ्यायचं काम दुसऱ्या कुणाकडे असावं, बदल्यात त्याचं काही काम तू करशील. आणि आगीचा भोंगा वाजेल तेव्हा दिसेल असा लुकलुकणारा दिवा तुझ्या टेबलाजवळ असावा. खाली, कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत पाठवा, असंही लिहिलं होतंस. ओंकारने शोधून सांगितलं की दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ते आहे. खाजगी कंपनीलाही असं धोरण करावं लागतं, आणि २० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कुठल्या सोयी देणार आणि त्या बघायला कोण माणूस नेमलाय, हे त्यात लिहावं लागतं. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी नोकरी मिळेपर्यंतचा कायदा पाठ केला होता, तू नोकरी लागल्यानंतरचा वाचून ठेवलास.

भोंग्याला दिवा हवा, हे मला सुचलं नसतं. मी फक्त ‘कुणी बरोबर द्या’ म्हटलं.

पण त्या मेलमध्ये फलाटाचं काही नव्हतं. कसं असेल म्हणा, तो प्रश्न कंपनीचा नाही. पण सांग मला, गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर घेतली तर तुला कसं कळणार? इंडिकेटर बघेन म्हणतेस. इंडिकेटर बदलायच्या आधी घोषणा होते, आणि घोषणा झाली की दोनशे माणसं एकदम जिन्याकडे पळतात. त्या लोंढ्यात तू उभी, पाठ त्यांच्याकडे. एवढंच चित्र डोळ्यांसमोर येतं. बाकी मला कशाची काळजी नाही. खरंच नाही.

सोडतो विषय.

पराती पडल्या ती गोष्ट तुला आजीने सांगितलीय, मी कधी सांगितली नाही. तू अडीच वर्षांची होतीस. सुलूआत्याच्या हातून माळ्यावरच्या तीन पराती एकावर एक फरशीवर आल्या. शेजारचे धावत आले. तू बाहुलीचे केस विंचरत होतीस, मान वर केली नाहीस. सगळे परातींकडे बघत होते, मी तुझ्याकडे. तोवर मी सगळ्यांना सांगत होतो की आमची मनू आपल्याच नादात असते.

मग बांद्रा रेक्लमेशनची अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची संस्था. नाइट करून मी परस्पर तिथे यायचो, आई तुला घेऊन घरून निघायची. बेरा नावाची तपासणी होती, मूल झोपलेलं लागतं, डोक्याला वायरी लावतात. तू झोपायला तयार नाहीस आणि मी बाकावर बसल्या बसल्या घोरतोय. दोन्ही कान नव्वदच्या पुढे निघाले. सत्तर डेसिबलच्या वर गेलं की कायद्याच्या भाषेत कर्णबधिर. खिशातलं यंत्र मिळालं, दोन वायरीवालं. आईने तुझ्या प्रत्येक फ्रॉकला छातीवर खिसा शिवला. त्या निळ्या फ्रॉकचा खिसा अजून तिच्या कपाटात आहे, फ्रॉक नाही, नुसता खिसा.

ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायला लावायचो. कागद हलला तर बरोबर. कागद हलायचा आणि आपण दोघं टाळ्या वाजवायचो. पण कुणीतरी सांगितलं होतं, हाताने खुणा करू देऊ नका, मग मूल बोलायचं नाही. मी ऐकलं. तू हात हलवायला लागलीस की मी ते धरून ठेवायचो. दोन्ही मनगटं एका मुठीत मावायची माझ्या. तुला आठवत नसेल. नसेलच आठवत, असं मी धरून चालतो.

खुणांची भाषा तू शाळेत मैत्रिणींकडून शिकलीस, आणि घरी आलीस ती आमची सगळ्यांची नावं ठेवून. आजीचं नाव नाकातली नथ, ओंकारचं शेंबूड, माझं हवेत दोरी ओढायची, दोनदा. डबल बेल. बसमध्ये तुला ती घंटा कधी ऐकू आली नाही, पण मी दोरी ओढतो आणि गाडी हलते, एवढं तू बघून ठेवलं होतंस.

परवापासून तू मला त्या नावाने हाक मारलेली नाहीस. फक्त टेबलावर टकटक करतेस.

एक गोष्ट आईलाही माहीत नाही. तुझ्या जन्माच्या आधीची. संध्याकाळची गर्दीची ट्रिप होती. एक पोरगा दारात उभा, मी चार वेळा म्हटलं आत सरक, सरकेना. मी खांद्याला धक्का देऊन ओरडलो, “ऐकू येत नाही का रे?” त्याने कानावर हात ठेवून नाही म्हणून हलवला. लोक हसले. मीसुद्धा हसलो. तिकिटाचे सुटे पैसे मी त्याला मोजून न देता हातावर टाकले. चेहरा आठवत नाही. हात आठवतो.

आणि त्या अंधेरीच्या इंटरव्ह्यूचं. दुभाषी नाही, वडिलांना घेऊन या म्हणाले आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो. त्यांनी तुला विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मी तुला विचारलंच नाही. परस्पर म्हणालो, “साहेब, मुलीची नोकरी टिकली म्हणजे झालं.” तू माझे ओठ वाचत होतीस. घरी येईपर्यंत बोलली नाहीस, मला वाटलं थकलीस. दुभाष्याचं काम काय असतं ते मला आता कळलं. बांद्र्याच्या त्याच संस्थेत दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. समोरचा म्हणाला तेवढंच हातांनी सांगायचं, आपलं काही घालायचं नाही. मला नाही जमायचं. मी नापास.

या वेळी तू एकटी गेलीस, फोनवर बोललेलं अक्षरांत उमटवणारं ते ॲप घेऊन. ऑफर मिळाली. सोसायटीत मी चौदा जणांना पेढे दिले, आणि दुसऱ्या दिवशी तिकडे फोन केला. दोन्ही कामं एकाच माणसाने केली. मलाच माझं नवल वाटतं.

आता नोकरीचं. मी पुन्हा सरकारी-सरकारी करणार नाही असं ठरवून बसलोय, पण एकदाच लिहितो. दिव्यांगांना ४ टक्के राखीव जागा आहेत, १९९५ च्या कायद्यात ३ होत्या. त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. केंद्राच्या नोकऱ्यांत दिव्यांगांना वयाची अट १० वर्षांनी शिथिल आहे, म्हणजे तू तेवीस वर्षांची, घाई काहीच नाही, ही नोकरी करता करता परीक्षा देता येतील. पेपरला जादा वेळ मिळू शकतो. मागच्या वेळी पर्यवेक्षकांनी सूचना नुसत्या तोंडी सांगितल्या आणि तुझी दहा मिनिटं कावरंबावरं होण्यात गेली. तेव्हा आधीच लेखी मागायच्या. आणि सायनच्या दिव्यांगांच्या करिअर सेवा केंद्रातली, तात्या ज्याला अजून जुन्या नावाने व्हीआरसी म्हणतो तिथली, तुझी नोंदणी चालू ठेव, ती सोडू नकोस. खाजगीचा भरवसा काय, आज आहे उद्या म्हणतील तुमचं काम मशीन करतं, आणि पहिली काढतील ती जिला फोनवरून समजावता येत नाही तिला.

झालं. पुन्हा लेक्चर झालं. ‘बाबा, फुलस्टॉप’, तुझी मूठ हवेत दिसतेय मला.

तू म्हणालीस, मला कोट्यातली नोकरी नको असं नाही, मला हे काम आवडतं म्हणून हे हवं. हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तुझ्या हातांवरून. मी आजवर विचारच केला नाही की तुला हिशेब आवडतात. मला वाटायचं, टॅली शिकलीस कारण त्यात बोलावं लागत नाही.

सारा सनीचं कात्रण तू फ्रीजवर लावलंस तेव्हाही मी म्हणालो होतो, ती बेंगळुरूची, वकील, तिची गोष्ट वेगळी. २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टात ती खुणांच्या भाषेतून उभी राहिली, बरोबर दुभाषी होता. मी विचारलं होतं, तिचे वडील कुठे होते? तू हसलीस. आज सकाळी दूध काढताना कात्रण पुन्हा वाचलं. बातमीत वडिलांचं नावच नाही.

निळ्या पट्टीचं यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं ओळखपत्र, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात घातलंय. दाखवायचं की नाही तुझं तू ठरव. ते करायला आपण तीन सकाळी गेलो होतो, आठवतं ना? कानाच्या ओपीडीत नंबर ओरडून पुकारत होते. तूच उठून कागदावर आकडे लिहून दाराला चिकटवलेस आणि सगळी रांग तुझ्याकडे बघून हसली. मी बाकावर बसून होतो. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

डब्यात भेंडी आहे. पोळ्या आईने चार दिल्यात, एक तिथे कुणाला तरी दे, ओळख होते.

दादरला लोअर परळसाठी पूल चढून पश्चिमेला जायचं. २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या फलाटांचे आकडे सलग केले, १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ आपले, मध्य रेल्वेचे, तेव्हा निदान आकड्याचा घोळ नाही. आकडा बघून उतर, माणसं बघून नको. माणसं कुठेही पळतात.

मी उद्या स्टेशनवर येणार नाही. आईला शब्द दिलाय. तू पोचल्यावर मेसेज कर असंही म्हणत नाही. केलास तर बघेन.

दोन वाजत आले. तू कूस बदललीस, मला वाटलं उठलीस.

तुझा,
(दोरी दोनदा)

ता. क. स्लो गाडीचा फलाट सहसा बदलत नाही. संध्याकाळी स्टेशनात जाऊन विचारून आलो. तुझं नाव सांगितलं नाही.