शिलाई मशीन दिले, पुढे काय?

संपादक महोदय,

शोषणातून सुटलेल्या महिलांचे पुनर्वसन बहुतेक वेळा शिलाई मशीन किंवा प्रमाणपत्र देण्यापाशीच थांबते. मानवी तस्करीविरोधी 2000 सालच्या पालेर्मो प्रोटोकॉल या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या कलम 6 मध्ये पीडितांसाठी रोजगार, शिक्षण व प्रशिक्षणाच्या संधींचा उल्लेख आहे. पण देशांनी त्याचा फक्त 'विचार' करायचा आहे, याची खंत वाटते.

खरी अडचण पुढेच असते. ओळखपत्रे शोषण करणाऱ्याने काढून घेतलेली असतील, तर बँकेत खाते कसे उघडणार? जिच्या हाती स्वतःची कमाई कधी पडलीच नाही, तिला मालाचा भाव सांगताना आवाज फुटत नाही. गिऱ्हाइकाने घासाघीस केली, की ती लगेच खाली उतरते आणि स्वतःची मजुरी धरायलाच विसरते. अशा वेळी शेजारी बसून वहीत खर्च, मजुरी, नफा असे रकाने आखून देणारी अनुभवी उद्योजिका हवी, तीही वर्ष-दोन वर्षे. तिने भूतकाळ मात्र उकरू नये. (देणग्यांसाठी या महिलांना व्यासपीठावर आपली कहाणी सांगायला लावणे तर बंदच व्हावे.) सगळ्यांनाच धंदा करायचा नसतो, कुणाला पगाराची नोकरी हवी असेल, तर तीही मिळावी.

व्यवसायात स्थिरावलेल्या महिलांनी आठवड्यातले दोन तास अशा एखाद्या महिलेसाठी द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक