बेन मोर असिंटवरचं विमान

इन्व्हरनेस, स्कॉटलंड

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

तुमचं बचाव पथक रात्रभर ढाकच्या दरीत होतं, हे आईने फोनवर सांगितलं. तो मुलगा जिवंत वर आला, फार बरं वाटलं. तेव्हाच मनात आलं, इथल्या एका डोंगराबद्दल तुम्हाला नीट लिहून कळवावं.

इथून वायव्येला इंचनाडॅम्फ नावाची अगदी छोटी वस्ती आहे. तिथून ट्रॅलिगिल नदीच्या कडेने चढत गेलं की कॉनिव्हल आणि बेन मोर असिंट ही शिखरं लागतात. बेन मोर ९९८ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा कितीतरी बुटका, पण इथलं हवामान घटकेत फिरतं. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मी गेले होते. वाट सोडून उत्तरेकडच्या पठारावर वळलो. आधी पाय रुतणारी दलदल, मग नुसते सुटे दगड. सातशे-आठशे मीटर उंचीवर विमानाची इंजिनं आणि वाकलेल्या नळ्या पडल्या आहेत. शेजारीच सहा जणांची कबर.

विमान अ‍ॅव्ह्रो अ‍ॅन्सन, दोन इंजिनांचं, दुसऱ्या महायुद्धात मुख्यतः शिकवण्यासाठी वापरलेलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पंख लाकडाचे. लाकूड-कापड कधीच कुजून गेलं. सुरुवातीच्या अ‍ॅन्सनची चाकं वर घ्यायला एक हँडल शंभरहून जास्त वेळा फिरवावं लागे. त्या गार हवेत ते फिरवत बसलेला पोरगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

१३ एप्रिल १९४१ रोजी किनलॉसच्या हवाई तळावरून ते सरावासाठी उडालं. वैमानिक जेम्स स्टेन दक्षिण आफ्रिकेचा, शौर्यपदक मिळवलेला. बर्फाच्या वादळात सापडले, त्यात इंजिन बिघडलं. पत्ता लागला थेट २५ मे रोजी, तोही एका मेंढपाळामुळे. सहा आठवडे, बाबा! घरचे कसे राहिले असतील? प्रेतं त्या दगडांतून खाली आणणं अवघड, म्हणून सहाही जणांना तिथेच पुरलं आणि वर दगडांची रास रचली. ती ढासळत चालली, तेव्हा २०१३ मध्ये चिनूक हेलिकॉप्टरने ग्रॅनाइटची नावं कोरलेली शिळा वर नेऊन ठेवली. अवशेषांना हात लावायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. ते मला फार योग्य वाटतं. आम्हीही काही उचललं नाही.

त्या युद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडची, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाची, पाच हजारांहून जास्त माणसं नुसत्या प्रशिक्षणातल्या अपघातांत गेली. शत्रू समोर नसताना! अशी विमानं डोंगरांवर आदळतच होती, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला तयार माणसं नव्हती. वेल्समधल्या लँडव्रॉग तळावरच्या जॉर्ज ग्रॅहम या डॉक्टरने ते मनावर घेतलं, आपल्याच तळावरची माणसं हाताशी धरून पथक उभं केलं. १९४३ मध्ये हवाई दलाने डोंगरी बचाव सेवा अधिकृत केली. पुढच्या वर्षी किनलॉसलाही पथक आलं, तेच आज लॉसीमथच्या हवाई तळावर आहे. त्या सेवेने पुढे साध्या गिर्यारोहकांनाही वाचवलं. तुम्ही पदरचं पेट्रोल घालून, झोपमोड करून जे करता, तेच हे काम.

म्हणून एक सुचवते. दोर, स्ट्रेचर, वॉकीटॉकी हे सगळं तुमच्याकडे आहे, पण असिंटमध्ये विमान सापडलं ते रोज डोंगरात फिरणाऱ्या माणसाला. तुम्हीही अडचण आली की वाडीवरच्या धनगरमामांना हाक मारता. ती हाक पहिल्या तासात जायला हवी. पावसाळ्याआधी वाडी-वाडीवर जाऊन त्यांचे नंबर लिहून घ्या, सरावालाही बोलवा, आणि त्यांच्या दिवसभराच्या मजुरीचे पैसे द्या. पथकाच्या खर्चात ते बसत नसेल तर मी दर महिन्याला पाठवीन. यावर नाही म्हणू नका.

गुडघ्याचा पट्टा कुरियरने पाठवला आहे, तो लावल्याशिवाय उतरू नका. आईला नमस्कार, दादा-वहिनींना आठवण.

तुमची,
मुक्ता