लाळग्रंथींचा अहवाल वाचून दाखवणाऱ्या डॉक्टरबाईंस

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या खालच्या ओठातून काढलेल्या लाळग्रंथींचा अहवाल आपण समजावून सांगितलात आणि डोळ्या-तोंडाच्या कोरडेपणामागे शोग्रेनचा विकार आहे हे कळले, तेव्हा धड आभारही मानता आले नव्हते. ते आता मानते आहे, आणि मुद्दाम जाहीरपणे, कारण ज्यांनी मला "वय झाले, पाणी पीत जा" एवढ्यावर वाटेला लावले, त्यांच्याही वाचनात हे यावे अशी इच्छा आहे.

इंदुरात राहून पोह्यांवरची शेव घशाखाली उतरू नये, ही काही सांगत सुटण्यासारखी तक्रार नव्हे. पण डोळे सतत खुपत होते, रात्री जीभ टाळूला चिकटत होती आणि दात एकामागून एक किडत होते. एकांनी माळव्याच्या उन्हाळ्याला दोष दिला. दुसऱ्यांनी पुन्हा पुन्हा साखर तपासायला लावली. तिसऱ्यांनी तर माझ्यादेखत यजमानांना सांगितले की, यांचे मन कशात तरी रमवा.

आपल्यासमोर बोलताना माझी जीभ अडखळली, तेव्हा आपण प्रश्न थांबवलेत, स्वतः उठून पेला भरून माझ्यापुढे ठेवलात आणि मी घोट गिळेपर्यंत कागदांत डोके न घालता शांतपणे थांबलात. मग विचारलेत, "कोरडी पोळी पाण्यावाचून गिळता येते का?" एवढ्या दवाखान्यांतून फिरले, पण हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, ही आपल्या घराघरांतली रीत; ती दवाखान्यात पाळणारे माणूस मला प्रथमच भेटले.

नंतर जे सांगितलेत तेही मनात पक्के बसले आहे. शरीराची आवरणे ज्या अभिस्तर ऊतीची असतात, तिच्याच पेशी आत खोल उतरून स्रवण्याचे काम पत्करतात आणि ग्रंथी तयार होते. जिची नलिका टिकते ती लाळ, अश्रू, घाम यांसारखा स्राव बाहेर पोहोचवते. थायरॉइड किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी) यांना नलिका नसते, म्हणून त्यांची संप्रेरके (हार्मोन्स) थेट रक्तात मिसळतात. स्वादुपिंड दोन्ही कामे करते. माझी साखर तपासणाऱ्यांनी त्यातील इन्शुलिन बनवणारा नलिकाविरहित भाग तेवढा पारखला, आणि नलिका असलेल्या ग्रंथींकडे मात्र कोणी वळलेच नाही.

सूक्ष्मदर्शकातून माझीच ग्रंथी आपण मला पाहू दिलीत. द्राक्षांच्या घोसांसारखे ते पुंजके, त्यांतून निघणाऱ्या नलिका आणि नलिकांभोवती दाटलेल्या लसीका पेशींचे, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे, गडद ठिपके! चार चौरस मिलिमीटरमध्ये अशा पन्नास किंवा अधिक पेशींचा एक जरी पुंजका असला तरी निदानाला आधार मिळतो, हे आपण सांगितलेत. पातळ, विकरयुक्त (एन्झाइम असलेली) लाळ बनवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि चिकट श्लेष्म बनवणाऱ्या वेगळ्या. ओठांतील लहान ग्रंथी बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या, आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा बराचसा त्यांच्यावरच अवलंबून. शरीराचे रक्षण करणाऱ्या लसीका पेशींनीच माझ्या या ग्रंथींना वेढा घातला होता.

या विकाराला ज्यांचे नाव आहे ते हेन्रिक शोग्रेन स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. १९३३ साली त्यांनी कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांविषयी प्रबंध लिहिला, आणि डोळ्यांचे डॉक्टर असूनही त्या स्त्रियांच्या तोंडाचा कोरडेपणा व सांधेदुखी यांची नोंद घेतली. माझ्या वाट्याला आलेल्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांत थेंब घातले, दंतवैद्यांनी दात भरले, आणि डोळे व दात एकाच बाईचे आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही. विद्वत्ता त्यांच्याकडेही असेल. समोरच्या माणसाचे बोलणे पुरते ऐकून घेण्याइतके सौजन्य नव्हते, आणि त्याला कोणती महागडी यंत्रे लागत नाहीत.

आपण ज्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलेत, त्यांनी शाबूत उरलेल्या ग्रंथींना चालना देणारे पायलोकार्पिन हे औषध सुरू केले आहे आणि तोंडाला बराच ओलावा आला आहे. मध्यंतरी भर थंडीत अंगाला दरदरून घाम फुटला. घरचे घाबरले, मी घाबरले नाही. लाळग्रंथींना मिळणारा इशारा घामाच्या ग्रंथीही ऐकतात, असे आपण आधीच सांगून ठेवले होते.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
इंदूरची एक रुग्ण