पाण्यात बुडालेल्या गाडीवर ‘पुराची खूण : नाही’ असा शेरा, पैसे परत मिळण्याबाबत

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
जुन्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव, वडोदरा

विषय : २०१९ ची पेट्रोल बलेनो सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), जीजे-०६ (वडोदरा) पासिंग, तपासणी अहवालातील चूक

महोदय,

१८ ऑक्टोबरच्या लिलावात ही गाडी आम्ही ३,६२,००० रुपयांच्या बोलीने घेतली. आपल्या अहवालात ‘पुराची खूण : नाही’, ‘इंजिन : उत्तम’, ‘गिअरबॉक्स : उत्तम’ असे शेरे आहेत. २२ तारखेला गाडी मकरपुऱ्यात वर्कशॉपला आली आणि त्याच संध्याकाळी आम्ही फोटोंसह तक्रार नोंदवली. जवळपास तीन आठवड्यांनी उत्तर आले की गाडी ‘जशी आहे तशी’ विकली आहे आणि सीट किंवा इंजिन उघडणे तपासणीत बसत नाही.

हे उत्तर आम्हांला मान्य नाही. पाण्यातली गाडी ओळखायला पान्याचीही गरज पडत नाही.

ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज हाताळला जाणारा भाग स्वच्छ धुतलेला आहे, पण रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा मातकट आहे. स्टेपनी उचला, खालच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ आहे. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत आणि गाडीचा खालचा पत्रा मात्र चांगला आहे. गंज बाहेरून आला असता तर आधी खालचा पत्रा गेला असता. म्हणजे पाणी केबिनमध्ये उभे होते. या तिन्ही गोष्टी पाहायला पाच मिनिटे लागतात.

आपल्या स्कॅनरचा कागदही हेच सांगतो. त्यात एकही फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) नाही, पण रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतः घेतो त्या चाचण्या, अपूर्ण आहेत. मॉनिटर अपूर्ण म्हणजे तपासणीच्या थोडेच आधी कोड पुसले गेले किंवा बॅटरी काढली गेली. साठेक किलोमीटर चालवल्यावर यू०१०१ कोड, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटल्याचा, परत आला. कोरा कागद म्हणजे निर्दोष गाडी असे समजणारा तपासनीस या कामाला नको.

उघडल्यावर जे सापडले ते असे. कार्पेटखालचा नमदा अजून ओलसर होता. एअरबॅगचे कंट्रोल युनिट पुढच्या दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्यावर, जमिनीलगत असते. त्याच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत. अशी एअरबॅग अपघातात उघडेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही आणि ही गाडी शेवटी कुठल्यातरी कुटुंबाच्या दारात जाणार आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला १७६ ते १८० पीएसआय, तिसऱ्याला १५०. सिलिंडरमध्ये थोडे तेल घालून माप पुन्हा घेतले तरी १५२ च. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने दाब वाढला असता, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत. प्लगच्या भोकातून मापले तर तिसरा पिस्टन वरच्या टोकाला इतरांपेक्षा १.२ मिलिमीटर खाली राहतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असताना कोणीतरी स्टार्टर मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. असे इंजिन गाडी उभी असताना गोड चालते आणि हायवेवर कधीतरी ब्लॉक फोडते. सीव्हीटीचे तेल दुधाळ निघाले. पाणी शिरलेल्या तेलात पट्टा पुलीवर घसरतो आणि चरे पडतात. नुसते तेल बदलून ते भरून येत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी फतेगंज, समा, अकोट्याच्या पार्किंगमध्ये शिरले होते. ही गाडी त्याच पाण्यातली आहे असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. पण बडोद्यात जीजे-०६ गाडी तपासताना पहिला प्रश्न तोच असायला हवा.

बोली लावताना टायर, दोन पॅनेलचे पेंटिंग, ब्रेक आणि सर्व्हिस मिळून ३८,००० खर्च धरला होता आणि विक्री ४,५०,००० ला. मार्जिनवर, म्हणजे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर, १८ टक्के जीएसटी जातो आणि त्यात दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही, म्हणून हाती चौतीस हजारांच्या आसपास उरले असते. आता रॉड, बेअरिंग, गॅस्केट आणि मजुरीचे ३२,०००, तपासलेल्या जुन्या सीव्हीटीचे ७०,०००, एअरबॅग युनिट आणि जमिनीवरच्या वायरिंगचे ४१,०००, कार्पेट-सीटचे १५,००० : एकूण १,५८,००० जादा. शिवाय गाडी पाण्यातली आहे हे पुढच्या गिऱ्हाइकाला सांगावेच लागेल, म्हणजे भावही पडणार.

पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ‘ग्राहक’ ठरत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. आमचा आधार भारतीय करार कायदा १८७२ ची कलमे १८ आणि १९ हा आहे : चुकीच्या माहितीवर संमती मिळवून झालेला करार रद्द करता येतो. ‘जशी आहे तशी’ या अटीने लेखी खोटा शेरा खरा होत नाही.

म्हणून :

१. बोलीची रक्कम आणि आपले सेवाशुल्क १५ दिवसांत परत करावे आणि गाडी आपल्या खर्चाने उचलावी. सुटे केलेले भाग जसेच्या तसे ठेवले आहेत. कधीही येऊन पाहा.

२. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, धरते आणि अशी गाडी कवडीमोलाने विकली जाऊन पुन्हा बाजारात येते. या गाडीवर तसा दावा झाला होता का, याची आपल्याकडची नोंद द्यावी.

३. अहवालात ‘तपासले नाही’ असा तिसरा रकाना घालावा. जे पाहिले नाही त्यापुढे ‘नाही’ असा शेरा लिहू नये.

फोटो, कॉम्प्रेशनची मापे आणि स्कॅनरचे दोन्ही कागद सोबत जोडले आहेत.

आपले,
भागीदार, जुन्या गाड्यांचे दुरुस्ती व विक्री वर्कशॉप,
मकरपुरा, वडोदरा