मणक्याच्या वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

कंबरेत स्क्रू-रॉड बसवलेला पेशंट दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो, तेव्हा नातेवाईक सर्जनचे आभार मानतात, क्वचित आम्हा भूलतज्ज्ञांचेही. पण रात्रभर त्याच्यापाशी तुम्ही असता. म्हणून हे पत्र.

इरेक्टर स्पायनी ब्लॉकमधलं, म्हणजे पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूखाली बधिरीचं औषध सोडण्याचं, आमचं काम लवकर आटपतं. पेशंटला भूल देऊन पालथं केलं की चीर पडण्याआधी सोनोग्राफीवर ट्रान्सव्हर्स प्रोसेस (मणक्याचं बाजूला आलेलं हाड) शोधायची, सुईचं टोक हाडाला टेकवायचं आणि आधी 2 मिली सलाइन सोडून बघायचं. स्नायू हाडावरून अलगद सुटून वर आला तर जागा बरोबर. स्नायूच फुगला तर सुई वर राहिली. तिथे सोडलेलं औषध स्नायूतच मुरतं, पाठीच्या नसांपर्यंत नीट पोचत नाही. मग दोन्ही बाजूंना 20-20 मिली 0.2 टक्के रोपिवाकेन (बधिरीचं औषध), म्हणजे एकूण 80 मिलिग्रॅम. सर्जनने जखमेत टोचलेलं बधिरीचं औषधही याच हिशेबात धरावं लागतं. हँडओव्हर घेताना तुम्ही न चुकता विचारता, "एकूण किती गेलं, किती वाजता?" या प्रश्नासाठी पहिले आभार.

कारण एकदा दिलेला ब्लॉक साधारण 8 ते 12 तास टिकतो. दुपारी दिलेला उतरतो तुमच्या पाळीत, आणि उतरताना दुखणं एकदम उसळतं. "दुखत नाहीये, मग औषध कशाला?" असं पेशंट म्हणत असतानाही तुम्ही समजूत घालून दर 6 तासांचं पॅरासिटामॉल वेळेवर देता. दुखतंय का, हे पडल्यापडल्या न विचारता कूस बदलताना विचारता. दुखण्याचा खरा आकडा तेव्हाच कळतो.

सगळ्यात मोठे आभार पायांच्या तपासणीसाठी. हा ब्लॉक 2016 मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी छातीच्या नसांच्या दुखण्यासाठी मांडला, मणक्याच्या ऑपरेशनांत तो नंतर रुळला. इथे त्याचा मोठा गुण असा की तो मुख्यतः पाठीकडे जाणाऱ्या नसा बधिर करतो, पायांची ताकद सहसा जात नाही. म्हणून घोटा वर उचलता येईना, अंगठा ताणता येईना, बसायच्या जागेची संवेदना गेली किंवा लघवी अडली, तर "ब्लॉकमुळे असेल" म्हणून थांबायचं नाही. आत रक्त साठून नसा दाबल्या जात असतील, तर एकेक तास मोलाचा असतो. औषध क्वचित एपिड्युरल जागेत (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत) पसरतं हे खरं, पण तो निष्कर्ष सर्जनने पाहिल्यानंतरचा. तुम्ही रात्री 2 वाजताही बिनदिक्कत फोन करता. तो फोन आम्हाला कधीच जड वाटत नाही, वाटू नये.

ट्रॉलीवर 20 टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे बधिरीचं औषध रक्तात चढलं तर शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, तुम्हीच मुदत तपासून ठेवता. जिभेला धातूची चव, तोंडाभोवती मुंग्या, अचानक बेचैनी, झटके: औषध रक्तात चढल्याच्या या खुणा. 60 किलोच्या पेशंटला इमल्शनचा पहिला डोस 90 मिली, 2-3 मिनिटांत. प्रोपोफॉल दिसायला तसंच पांढरं असलं तरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

तुमच्याच सूचनेवरून आता ब्लॉकची वेळ, एकूण मिलिग्रॅम आणि ऑपरेशनआधीची दोन्ही घोट्यांची ताकद आम्ही केसपेपरच्या पहिल्याच पानावर लिहितो. एखाद्या कागदावर ते राहिलेलं दिसलं, तर पेशंट ताब्यात घेण्याआधी आमच्याकडून लिहून घ्या.

आपले कृतज्ञ,
भूलशास्त्र विभागातील सहकारी