लेपाचा फोटो उलटा छापला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला प्राण्यांच्या सममितीवरचा लेख वाचला. असा विषय निवडलात याचा आनंद झाला, पण सोबतचा लेपाचा, म्हणजे त्या चपट्या माशाचा, फोटो उलटा आहे. माशाचं तोंड मजकुराकडे यावं म्हणून कुणीतरी तो आरशातल्यासारखा पालटला असणार.

लेपाचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात. पाठीचा पर वर धरून डोळ्यांची बाजू आपल्याकडे केली की डोकं डावीकडे येतं. तुमच्या फोटोत ते उजवीकडे आहे, आणि बाकदार तोंड मात्र खालच्या अंगालाच आहे. म्हणजे मासा फिरवून ठेवलेला नाही, फोटोच पालटलाय. भाकस हा दुसरा चपटा मासा असता तर मी पत्र लिहिलं नसतं, कारण भाकसाचे डोळे डावीकडेही सापडतात आणि उजवीकडेही. लेपाचं तसं नाही. आणि लेखाचा विषयच डावं-उजवं हा होता!

माझी आई मासे विकायची. लेप मांडताना काळपट, डोळ्यांची बाजू वर, पांढरी खाली आणि सगळी डोकी एका दिशेला. माझ्याकडून एखादा पालथा पडला तर लगेच ओरडायची, ‘गे बाय, त्याका सरळ ठेव.’ गिऱ्हाइकाने पसंत केला की डोक्याशी चीर देऊन अख्खी साल एका ओढीत शेपटीपर्यंत काढायची. शाळेत न गेलेल्या त्या बाईला जे रोज दिसायचं, ते तुमच्या पानावर कुणालाच दिसू नये?

फोटोखालच्या ‘निसर्गाची चूक’ या ओळीचा तर मला संताप आला. लेपाचं पिल्लू इतर माशांसारखंच सरळ पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे असतात. मग उजवा डोळा कवटीसकट सरकत डावीकडे येतो आणि मासा उजव्या कुशीवर तळाला पडून राहतो. वाळूत दडून वर नजर ठेवायची तर दोन्ही डोळे वरच हवेत. असा डोळा अर्धवट सरकून काय उपयोग, हा आक्षेप डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतावरही घेतला गेला होता. 2008 साली नेमके तसे, डोळा अर्ध्या वाटेवर असलेल्या माशांचे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म ओळखले गेले. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

दिवाळीच्या अंकातही शंखाचा फोटो असाच पालटला होता. साधा शंख आरशात उजवा दिसतो. उजवा शंख फार दुर्मीळ, त्याच्या नावाखाली लोकांची हजारोंची फसवणूक होते, आणि तुमच्या अंकात तो पूजेच्या सामानात सहज मांडलेला! तेव्हाही मी लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी आतल्या पानावर, निविदांच्या खाली दोन ओळी आल्या, फोटो नाहीच.

या वेळी लेपाचा फोटो सरळ करून त्याच पुरवणीत, त्याच आकारात छापावा, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
वेंगुर्ले